बारदान्याच्या भिंती

भागिरथाबाईच्या घरात एक खोली अशी होती, की तिच्यात शिरलं की सून एकदम पुण्याची होऊन जाई. बाहेर गॅसजवळ उभी असताना "आई, तुमी मीठ घातलं का वरनात?" असं सरळ विचारणारी स्नेहा त्या खोलीत जाई, दार ओढून घेई, आणि आतून भलताच आवाज येई, "विद्यार्थी मित्रांनो, आज आपण पृथ्वीचे अंतरंग पाहणार आहोत." ओसरीत तूर निवडत बसलेली भागिरथाबाई मान वर न करता म्हणे, "पाह्य बाई, पृथ्वीच्या आत पाह्य. इकडं दूध उतू जाऊन राह्यलं, थे मी पाह्यतो."

पण उठून दूध तीच उतरवी, आणि भांड्याचा आवाज होऊ देत नसे.

खोली मुळात सोयाबीनची. अनसिंगात भागिरथाबाईनं आणि पुंजाजीनं स्लॅबचं घर बांधलं तेव्हा सगळ्यात आधी ती खोली घातली. माणसं नंतर, माल आधी. वर्षानुवर्षं तिथं पोत्यांची थप्पी लागायची, छताला टेकेपर्यंत. गेल्या दोन हंगामांपासून मात्र मळणीयंत्रातून निघालेला माल परस्पर गाडीत भरून जाऊ लागला आणि खोली रिकामी पडली. मुलगा अश्वजित मालेगावकडच्या एका शाळेत मास्तर. त्यानं ती खोली बायकोला दिली. स्नेहा आंधळ्या लेकरांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून द्यायची. एका संस्थेनं तिचा आवाज निवडला होता. पहिल्यांदा रेकॉर्ड करून पाठवलं ते परत आलं. आवाज चांगला आहे, खोली घुमते, असं कळवलं.

"आमची खोली घुमते?" भागिरथाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माह्या खोलीले आजलग कोनी नाव नाई ठेवलं. चाळीस पोते ठेवले तई नाई घुमली थे."

"माय, पोते होते म्हणूनच नाई घुमली," अश्वजित म्हणाला.

मग त्यानं मोबाइलवर पाहून पाहून पॅनल बनवले. सुतार लखीरामकडून दाराएवढ्या आठ चौकटी करून घेतल्या, त्यांत दगडी लोकर भरली. ही लोकर म्हणजे दगड वितळवून काढलेला कापूसच, हात लागला की दिवसभर खाजतं. वरून कापड पाहिजे, पण असं की आवाज त्यातून आत जावा. घट्ट नको, विरळ विणीचं. विरळ विणीचं म्हटल्यावर त्या घरात कोणाला विचार करावा लागणार होता? माळ्यावर बारदान्याचा ढीग पडला होता. सोयाबीनची पोती उसवली, झटकली, उन्हात टाकली आणि चौकटींवर ताणून ठोकली. भिंती तपकिरी झाल्या. स्नेहानं पुन्हा वाचून पाठवलं आणि या खेपेला संस्थेनं पसंत केलं. आठवीचं अख्खं पुस्तक महिनाअखेरपर्यंत मागितलं.

आणि मग भुरीनं नखं काढली.

भुरी ही भागिरथाबाईची मांजर. अर्थात तिनं तसं कधी कबूल केलं नव्हतं. "उंदरासाठी ठेवली. काय लाड करासाठी?" असं ती सगळ्यांना सांगे आणि दुधावरची साय कोणाला न दिसेल अशी बशीत ओती. पाच वर्षांत त्या घरात एका दाण्याला उंदराचा दात लागला नव्हता. भुरीला जाता-येता यावं म्हणून पुंजाजीनं त्या खोलीच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात करवतीनं वीतभर भोक पाडून दिलं होतं. स्टुडिओ झाल्यावर अश्वजितनं त्या भोकाला आतून फळी मारली. तेव्हापासून भुरी आत असली की भिंती ओरबाडे, आणि बाहेर ठेवली की बंद भोकासमोर बसून अशी रडे, की पृथ्वीच्या अंतरंगात मांजर ओरडतेय असं त्या आंधळ्या लेकरांना वाटावं.

त्या सोमवारी सकाळी स्नेहानं दार उघडलं आणि तिथंच थबकली. दाराजवळच्या पॅनलचं बारदान खालून फाटलं होतं आणि आतली पिवळी लोकर जिभेसारखी बाहेर लोंबत होती.

अश्वजित मोटारसायकलला किक मारायच्या बेतात होता. त्यानं येऊन पाहिलं, गाडी बंद केली.

"माय, बस झालं आता. हे लोकर स्नेहाच्या गळ्यात गेली तं बोलनं बंद होईन तिचं. रविवारी आमी कामरगावले जाऊन राह्यलो, स्नेहाच्या लहान्या भावाच्या साखरपुड्याले. भुरीले सोबत नेतो. तिच्या मोठ्या भावाच्या गोठ्यात राह्यन. तेथी उंदरं बी हाये, दूध बी हाये."

"म्हंजे माह्या घरची मांजर हुंड्यात द्याची का कामरगाववाल्याइले?"

"माय, मस्करी नोको करू."

"मस्करी कोन करून राह्यलं? मले सांग, बाप तुहा बहिरा, मोठ्यानं बोलते, त्याच्यानं बी तुह्या बायकोचं रेकॉर्डिंग खराब होते. त्याले कोनाच्या गोठ्यात पाठवतं?"

ओसरीत चहा पीत बसलेल्या पुंजाजीला एवढंच कळलं की आपलं नाव निघालं. "मी तयार हाय!" तो ओरडला. "कुठी जाचं?"

स्नेहानं तोंडावर पदर धरला. अश्वजितला मात्र हसू आलं नाही. आईचा हा गुण त्याच्यात जसाच्या तसा उतरला होता. एकदा धरलं की धरलं. ते पाहून भागिरथाबाईनंच आवाज खाली घेतला.

"आयक. रविवार लय दूर हाय. या आठ भित्ताडांवर आजपासून रविवारलग भुरीचा एक बी नवा ओरखडा निघाला, तं मी सोता थैलीत घालून देतो तिले. नाई निघाला तं राह्यन ते. बोल."

"एक बी?"

"एक बी. मी बोलली म्हंजे बोलली."

"ठीक हाय," अश्वजित म्हणाला आणि गेला.

भागिरथाबाईनं बोलताना नेहमीप्रमाणे रुबाबात मान उडवली खरी, पण तो गेल्यावर फाटक्या बारदानावरून तिनं दोनदा हात फिरवला. मांजरीला कुठं ठाऊक, रविवार कधी आहे ते?

स्नेहा दुपारी तालुक्याला गेली तेव्हा भागिरथाबाईनं आपला इलाज केला. शाळा दुसरीपर्यंत शिकली असली तरी मांजरांना काय आवडत नाही हे शिकायला शाळा लागत नाही, असं तिचं म्हणणं. मूठभर तिखट पाण्यात कालवलं आणि जुन्या कुंचल्यानं आठही पॅनलना खालून कमरेएवढं फासलं. बारदान तपकिरी, तिखट लाल. वाळल्यावर काही कळेना. लोंबती लोकर तिनं तोंडाला फडकं बांधून आत कोंबली आणि दाभण-सुतळीनं फाटकं शिवून टाकलं. भुरी आली, लांबूनच हुंगली, शिंकली आणि शेपूट उंच करून निघून गेली.

"शिकली," भागिरथाबाई म्हणाली.

मंगळवारी सकाळी स्नेहानं दार लावून घेतलं. शिवलेलं पॅनल थोडं कललं होतं, ते सरळ बसवायला तिनं दोन थापट्या मारल्या. मग आवाज आला, "विद्यार्थी मित्रांनो, ज्वालामुखीचा उद्रेक होतो तेव्हा..." आणि पुढं नुसता खोकला. खोकला असा, की ओसरीत भागिरथाबाईच्या हातातलं सूप थांबलं. दार उघडलं. स्नेहाचे डोळे लालभडक, नाकातून पाणी, एक हात गळ्यावर.

"काय झालं वं?"

स्नेहानं हातानंच थांबा म्हटलं. तोंड धुतलं, पाणी प्याली, पुन्हा खोकली. मग बसक्या आवाजात एवढंच म्हणाली, "आई, त्या खोलीत तिखट कुटलं का कोनी?"

भागिरथाबाईनं तूर पाखडायला घेतली. "मले काय मालूम," ती म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा तिचं बोलणं तिलाच खोटं ऐकू आलं. संध्याकाळी तिनं हळदीचं दूध केलं, ज्येष्ठमध उगाळून दिला, सुनेच्या हातातली भाकरी काढून घेतली आणि स्वतः थापल्या. अश्वजितनं विचारलं तर स्नेहा म्हणाली, "थंडी लागली." सासूकडं तिनं पाहिलंही नाही. ते न पाहणं भागिरथाबाईला चार शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

बुधवारी स्नेहानं गळ्याला सुट्टी दिली. सकाळी खोलीत जाऊन काहीतरी खुडबुड केली आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. संधी साधून भागिरथाबाई बादली आणि ओलं फडकं घेऊन आत शिरली. एकेक पॅनल पुसू लागली. पाणी लाल होई, फेकी, नवं आणी. बारदान ओलं झालं तसा त्यातून वास उठला. जुन्या मालाचा वास. धूळ, सुकलेली शेंग, उन्हात तापलेलं पोतं. मालाच्या राखणीला आठ हंगाम त्या वासात तिनं झोप काढली होती.

दार उघडंच होतं. भुरी आली. तिलाही वास लागला असावा. ती थेट दाराजवळच्या पॅनलपाशी गेली, त्याला गाल घासला, डोळे मिटले. पाठीची कमान केली, पुढचे दोन्ही पाय उंच नेले आणि कर्र कर्र असं सावकाश, मन लावून ओरबाडलं. भागिरथाबाई ओरडणार होती, पण ओरडली नाही. ती पाहत राहिली. भुरी ज्या कोपऱ्यात उभी होती तो थप्पीचा कोपरा. ज्या उंचीवर नखं गेली, ती खालून दुसऱ्या पोत्याची उंची. थप्पी होती तोवर हीच मांजर याच जागी अशीच अंग ताणून पोत्याला नखं लावायची आणि कोणी म्हणजे कोणी तिला हटकलं नव्हतं. उलट भागिरथाबाईच म्हणायची, लाव बाई, धार लाव, उंदरं खूप झाले.

"अवं माय," ती मोठ्यानं म्हणाली. "हे तं तुहं पोतं हाय! आमीच उसवलं, आमीच भित्तीवर टांगलं, आन् तुलेच चोर केलं. ये. ये इकडं महारानी. सरक. त्या मिरचीचं मनात नोको धरू. लावली मी तुह्यासाठी, आन् खाल्ली सुनेनं. पोरीचा गळा बसवला म्या. सांगाची हिंमत नाई झाली. तू बी कोनाले सांगू नोको."

भुरीनं आळस दिला. पॅनलवर चार ताजे ओरखडे, सुतळीचे दोन धागे सुटून वर आलेले. एक नव्हे, चार. भागिरथाबाईनं मागं वळून पाहिलं, कोणी नव्हतं. तिनं दाभणीच्या टोकानं धागे आत ढकलले, ओल्या बोटानं बसवले. आता कोणाच्या बापाला दिसलं नसतं.

दिवेलागणीला स्नेहा खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, जरा आत येता का?"

"मले काय काम तेथी?"

"या तं."

तिनं सासूला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या कानांवर हेडफोन घातला. भागिरथाबाईचा अंबाडा एका बाजूला सरकला. आधी काहीच नाही. असं काहीच नाही, की भागिरथाबाईला वाटलं आपणही पुंजाजीसारखे बहिरे झालो. मग पाणी पिळल्याचा आवाज, इतका जवळ, की तिनं हात पुढं केला. मग कर्र कर्र. आणि मग एक बाई बोलू लागली. जाड, रांगडा, कडक आवाज. पण शब्द न् शब्द असा स्वच्छ, की जणू कोणी मांडीवर बसून बोलतंय.

"हे कोन बाई बोलून राह्यली?"

"तुमी," स्नेहा म्हणाली. तिचा आवाज अजून घोगरा होता. "रिकाम्या खोलीत किती गलबला असते थे मोजाले मी सकाळी माईक चालू ठेवला होता. बंद कराचा राहून गेला."

भागिरथाबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. 'तू बी कोनाले सांगू नोको' इथं आल्यावर तिचं तोंड उतरलं. तिनं हेडफोन काढला, हळूच टेबलावर ठेवला. एवढ्या वर्षांत कोणी तिला तिचं बोलणं असं परत दिलं नव्हतं.

"पुस थे," ती म्हणाली.

"पुसतो," स्नेहा म्हणाली. "मिरचीचं मले मंगळवारीच समजलं होतं, आई. बारदानाले हात लावला तं बोटं लाल झाले."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी सांगसान म्हणून वाट पाह्यली."

भागिरथाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "माही चुकी झाली," ती भिंतीकडं पाहून म्हणाली. मग वळून सुनेकडं पाहून पुन्हा म्हणाली, "चुकी झाली माही."

स्नेहा हसली. "आन् ओरखड्याचं मी यायले नाई सांगत. तुमी बी सांगू नोका. रविवार निघून जाईन."

भागिरथाबाईनं उठून टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथंच संपली. खोलीनं काही परत दिलं नाही. बाहेर ओसरीत जाऊन वाजवली तर भिंती दोनदा बोलल्या. ती आत आली, पुन्हा वाजवली. एवढे दिवस तिला वाटत होतं की हे पोरांचं नाटक आहे. पोती नसली तरी पोत्यांचं सोंग. आता कळलं, की सून त्या लेकरांच्या अगदी कानाशी बसून वाचते, आणि त्यासाठी भिंतींनी तोंड मिटून बसावं लागतं.

"मले सांग," ती म्हणाली, "या चौकटीवर बारदानच पाह्यजे का?"

"कोनतं बी चालते. फकस्त हवा आरपार गेली पाह्यजे. कापड तोंडाले लावून फुकलं तं पलीकडं फुक लागली पाह्यजे."

"बस? मंग हे आधी सांगाचं ना. तुमी दोघं मोबाइलले विचारता, मले नाई विचारत."

गुरुवारी तिनं लोखंडी पेटी उघडली. लग्नाकार्यातले साडी-चोळीचे आहेर वर होते, चकचकीत, फुलाफुलांचे. तिनं एकेक तोंडाला लावून फुंकलं. फुंक गालांत अडकली. "हे पाह्य, प्लास्टिक. नेसली तं घाम, टांगली तं खोली घुमन." तळाशी पांढरी सुती लुगडी होती, निळ्या काठांची. चौदा ऑक्टोबरला, चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला विहारात नेसलेली. वर्षातून तीन-चारदाच नेसायची, पण इतक्या वर्षांत धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. तिनं फुंकलं. पलीकडं धरलेल्या स्नेहाच्या तळहातावर वारा लागला.

"लागली?"

"लागली. पन आई, हे तुमच्या विहारातल्या..."

"नवं एक ठेवलं हाय मी. हे आता नेसाले उरले का? उजेडात पाह्य, मधात चाळणी झाली. लुगडं मधात मरते, काठाले जित्तं राह्यते. बसाचं, उठाचं, सगळं मधातच." तिनं बोटानं धागे चाचपले. "आन् सूत कसं बसलं पाह्य एकमेकाले चिकटून. बारदानात बोट जाते, तं नख जाईनच. याच्यात नखाले जागाच नाई."

दांड घालणं हे तिच्या हातचं काम. अर्ध्या आयुष्यात नवं लुगडं क्वचितच आलं होतं, त्यामुळं जुन्याचा मधला भाग कापून दोन्ही काठांकडचे चांगले तुकडे जोडायचे आणि पुन्हा नेसायचं. तिनं तसंच केलं. मधलं काढलं, चांगलं चांगल्याला जोडलं, शिवण लहान आणि सपाट ठेवली म्हणजे नखाला धरायला कड नको. शुक्रवारी दोघींनी तोंडाला फडकी बांधून अंगणात चौकटी आडव्या घातल्या, बारदान काढलं, लुगडं ढोलासारखं ताणून मागून खिळे ठोकले. काठ सगळे वरच्या बाजूला. पुंजाजी खिळे पुरवायला बसला होता. "तोरण लावून राह्यले का?" त्यानं अख्ख्या आळीला विचारलं.

काढलेल्या बारदानाचं काय करायचं हे भागिरथाबाईनं बुधवारीच ठरवलं होतं. तिनं पुन्हा एक पोतं शिवलं, उभं आणि अरुंद, आणि त्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, ठासून भरलं. ओसरीत ठेवलं. भुरी आली, ताणली, नखं लावली आणि पोतं तिच्या अंगावर आडवं झालं. भुरी जी पळाली ती थेट शेजारच्या टिनाच्या छपरावर.

"हललं म्हणून भ्याली," भागिरथाबाई म्हणाली. "थप्पी कधी हलत होती का?" तिनं कुटार काढलं, तळाशी चार विटा घातल्या, पुन्हा भरलं, आणि पोतं ओसरीच्या खांबाला दोन जागी सुतळीनं आवळून बांधलं. स्वतः ढकलून पाहिलं. खांब हलला असता, पण पोतं नाही. मग वरून थोडं पाणी शिंपडलं, वास उठावा म्हणून.

शनिवारी स्नेहाचा गळा सुटला. सगळं जागेवर लावून झाल्यावर भागिरथाबाईनं मुद्दाम दार उघडं ठेवलं. भुरी आत आली. कोपऱ्यात गेली, अंग ताणलं, पंजे वर नेले आणि ओढले. नखं पांढऱ्या लुगड्यावरून घसरत खाली आली. तिनं पुन्हा केलं. पुन्हा घसरली. भुरीनं भागिरथाबाईकडं असं पाहिलं, की हे कोणी केलं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. मग उठली, बाहेर गेली, आणि ओसरीतून कर्र कर्र असा आवाज येऊ लागला.

"लाव बाई धार," भागिरथाबाई म्हणाली. त्या दिवशी स्नेहानं दार लावून सलग दोन धडे वाचले. भोकासमोर कोणी रडायला आलं नाही.

रविवारी सकाळी अश्वजित इस्त्रीचा शर्ट घालून, एक रिकामी कापडी थैली खांद्यावर टाकून आला. कामरगावला वाशीमवरून जायचं, आणि वाशीमची गाडी नऊला होती. त्यानं खोलीत जाऊन आठही पॅनल पाहिले, वाकून, बोट फिरवून, दारातला उजेड पाडून. पांढऱ्या कापडावर एक रेघ नव्हती. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हरल्याचं दुःख नव्हतं. उलट सुटल्यासारखं वाटत होतं त्याला.

"जितली, माय. एक बी नाई."

स्नेहा चपला घालत होती. तिनं सासूकडं पाहिलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, राहू द्या.

भागिरथाबाई खांबाला टेकून उभी होती. भुरी तिच्या पायाशी उन्हात पसरली होती. गप्प राहायला काही करावं लागत नव्हतं. नुसतं उभं राहिलं तरी पुरे होतं, मुलगा गाडीला निघून जाणार होता. पण तिच्या कानात ती कडक बाई बोलत होती, मी बोलली म्हंजे बोलली. आणि दुसरी तीच बाई, कोनाले सांगू नोको.

"निघाला होता," ती म्हणाली.

"काय?"

"ओरखडा. बुधवारी. एक नाई, चार. माह्या डोयासमोर. धागे दाबून टाकले म्या, म्हणून तुले दिसले नाई. मंग थे बारदानच काढून टाकलं."

अश्वजितनं थैली खांद्यावरून खाली घेतली. आईनं आजवर काही चुकलं असं म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. तिखटाचं त्याला माहीत नव्हतं.

"मंग आता?"

"आता काय. एक बी म्हटलं होतं. थैली खोल."

तिनं वाकून भुरीला उचललं. भुरी झोपेतच होती, चारी पाय लोंबले. भागिरथाबाईनं तिला थैलीत ठेवलं, कानामागून एकदा बोट फिरवलं आणि थैलीचे बंद मुलाच्या हातात दिले. "मोकळं तोंड ठेवजो. गाडीत गुदमरते ते. आन् साय नाई दिली तं खात नाई, असं सांगजो त्यायले." तिचा आवाज कुठंही हलला नाही. म्हणूनच अश्वजितला थैली जड वाटू लागली. पण तोही तिचाच मुलगा. ठरलं ते ठरलं. तो थैली घेऊन फाटकापर्यंत गेला.

स्नेहा ओसरीतच उभी होती.

"चाल ना," तो म्हणाला. "गाडी चुकन."

"मी नाई येत."

"आवं, तुह्या भावाचा साखरपुडा हाय!"

"हाय ना. तेथी भाऊ विचारन, वहिनी विचारन, चार पाहुणे विचारतीन, मांजर कायले आनली वं? काय सांगू मी? माही सासू खरं बोलली, म्हणून तिची मांजर उचलून आनली, असं सांगू का माहेरी?"

अश्वजितनं थैली दुसऱ्या हातात घेतली.

"खोली माही हाय," स्नेहा म्हणाली, पुस्तकी नव्हे, अगदी कामरगावच्या ठसक्यात. "ओरखडे माह्या भित्तीवर निघाले. मले तरास नाई, तं तुमी कोन थैली उचलनारे? आन् मांजर गेली तं उंदरं येतीन. माईकच्या वायरी खातीन. मंग वाचजा तुमीच ज्वालामुखी."

"काय म्हनते सून?" पुंजाजीनं ओरडून विचारलं.

"मांजर नाई नेत म्हनते!" अश्वजित त्याहून मोठ्यानं ओरडला.

"मंग थैलीत काहून घातली?"

अश्वजितनं आईकडं पाहिलं. भागिरथाबाई दुसरीकडं पाहत होती, विहिरीकडं, जिथं पाहण्यासारखं काही नव्हतं.

"माय, तुहा सबद मोडला तं नाई होत ना?"

"माहा सबद म्या पुरा केला. थैलीत घालून देली," ती म्हणाली. "पुढं तुमचं घर, तुमची मर्जी."

अश्वजितनं फाटकातच खाली बसून थैली उपडी केली. भुरी बाहेर आली, अंग झटकलं, आणि एवढा वेळ आपण कुठं होतो याची काही चौकशी न करता रस्त्यावरच्या उन्हात जाऊन बसली. त्यानं थैलीची घडी केली, ती शर्टाच्या बाहीला लागली, आणि इस्त्रीवर भुरे केस चिकटले.

"असा जातं का सोयऱ्याकडं?" भागिरथाबाई पुढं झाली आणि तळहातानं त्याची बाही झटकू लागली, जरा जोरातच. "मास्तर म्हने! उभा राह्य नीट. आन् स्नेहा, तू काय पाहून राह्यली? निघ. घसा धरन असं काही गोडधोड खाऊ नोको तेथी. उद्या वाचाचं हाय तुले."

ते दोघं वळणापर्यंत जाईस्तोवर ती फाटकात उभी राहिली. मग आत आली आणि फ्रिजमधून दुधाचं पातेलं काढलं. पुंजाजी समोरच बसला होता. यावेळी तिनं साय बशीत ओतताना पाठ फिरवली नाही.

"मले?" पुंजाजीनं विचारलं.

"तुमी उंदरं धरता का?" भागिरथाबाई म्हणाली, आणि उरलेल्या दुधाचा चहा टाकायला वळली.